घरटी एकच मत

सिंगापूरला आंग मो किओ भागात दहाव्या मजल्यावर राहणाऱ्या सरोजिनी तळेकर म्हणजे तांजोंग पगारच्या एका फर्ममधल्या ऑडिटर. मोठमोठ्या साहेबांना त्या समोर बसवून हिशेब विचारतात आणि साहेब बिचारे शाळेतल्या पोरांसारखी उत्तरं देतात. गेल्या निवडणुकीत सकाळीच रांग लावून मत देऊन आल्या. तिथे कुणी विचारलं नाही, "मिस्टर कुठे आहेत?"

इथल्या मराठी लोकांच्या सह्याद्री मंडळात मात्र घरटी एकच मत, आणि ते नवऱ्याचं. जुन्या मंडळींनी सोयीसाठी केलेला नियम. सोय कुणाची, ते विचारायचं नसतं. बाईंनी विचारलं आणि ठराव दिला: प्रत्येक बाईला स्वतःचं मत.

अध्यक्ष प्रमोदराव म्हणाले, "वहिनी, घरात तुमचंच चालतं की! मंडळ तेवढं आम्हाला राहू द्या."

पुरुष हसले. बायकाही हसल्या, तेच जास्त लागलं.

मग फोनाफोनी. जिवलग मैत्रीण सुचित्रा म्हणाली, "मला पटतंय गं. पण आमचे हे ऑफिसात प्रमोदभावजींच्या हाताखाली आहेत. माझं नाव नको घेऊस." दुसरी म्हणाली, "आमच्या घरात भांडणं लावू नकोस बाई." बाकीच्या म्हणाल्या, "यांना विचारून सांगते." घ्या! मत हवं की नको, तेही विचारूनच!

बायका वळेनात, तेव्हा सरोजिनीबाईंनी नवरे गाठले. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजून, मुलांच्या परीक्षांची चौकशी करून, एकेकाला समजावलं. चार महिन्यांत निम्मे वळले. ब्लॉकमध्ये कुजबुज सुरू झाली, तळेकरबाई हल्ली फार पुरुषांबरोबर दिसतात. ती कुजबुज सुचित्राच्याच स्वयंपाकघरातून निघाली होती, हे बाईंना कळलं.

सभेच्या आदल्या दिवशी पोहे खाताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, उद्या हात वर करणार ना?"

निशिकांतरावांनी शेंगदाणा बाजूला केला. "घरचं मत दोघांचं, बरोबर? तुझं हो, माझं नाही. झाली फिट्टंफाट."

लेक आर्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, दिस ऑल्सो कॅन मेह? असंही चालतं?"

सगळे हसले. सरोजिनीबाईही हसल्या. सव्वीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने असले विनोद रोजच केले होते.

सभा मरीन परेडच्या एका कॉन्डोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, हॉलमध्ये होती. मतदानाच्या वेळी बायका मागच्या बाजूला मसालेभाताची झाकणं उघडत होत्या. सरोजिनीबाई दारात उभ्या राहून हात मोजत होत्या. बाजूने जितके, तितकेच विरुद्ध. निशिकांतरावांचे दोन्ही हात मांडीवर.

"समसमान," प्रमोदराव म्हणाले. "म्हणजे ठराव पडला. नियमाप्रमाणे हा विषय आता पाच वर्षं नाही. चला, पानं वाढा."

बाईंनी पानं वाढली. नवऱ्यालाही वाढलं.

परतीच्या बसमध्ये निशिकांतराव म्हणाले, "मी विरोधात हात वर केला नाही, बघितलंस ना?"

"बघितलं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड केलं ते घर येईपर्यंत.

ज्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले होते, त्यांच्या बायकांनी ती कुजबुज खरी धरून पुढे सरोजिनीबाईंशी बोलणं टाकलं. आता त्या मंडळात जात नाहीत. निशिकांतराव जातात. त्यांना जावंच लागतं. घरचं मत आहे, वाया कसं घालवणार?