दातांच्या तारा आणि पलीकडचा जिल्हा

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी लहान होते, पण त्याचा अर्थ आमच्या घराला लवकर कळला. बाबा सिहोऱ्याजवळच्या एका शाळेत मास्तर; त्यांची नोकरी भंडारा जिल्ह्यात राहिली. आई नर्स. तिचं उपकेंद्र पार देवरीकडे, जंगलाच्या कडेला. ते गोंदिया जिल्ह्यात गेलं. आधी तिची बदली इकडे होईल अशी आशा होती. जिल्हाच वेगळा झाल्यावर ती आशा नुसती अर्ज करण्यापुरती उरली. मी शाळेसाठी सिहोऱ्यात बाबांजवळ राहिले. आई पंधरवड्यानं शनिवारी यायची आणि सोमवारी पहाटेच्या बसनं जायची.

आठवीत असताना अशाच एका रविवारी ती माझी वेणी घालत होती. आरशात बघता बघता तिचे हात थांबले.

"हिचे दात केवढे पुढं आले! तुमाले दिसले नाही काय?"

बाबा पेपर वाचत होते. "मी तं रोजच पायतो. मले होते तसेच दिसून राहिले."

आईनं वेणी पुरी केली. सोमवारी निघताना एवढंच म्हणाली, "भंडाऱ्याले दाखवून आना."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदा येत. जागा करायला त्यांनी आधी माझे दोन चांगले दात काढले. पुढच्या खेपेला दातांवर क्लिपा चिकटवल्या आणि त्यांतून तार ओवली. परतीच्या बसमध्ये जबडा असा ठणकत होता की खड्डा आला की मी डोळे मिटून घ्यायची. बाबा शेजारी बसले होते. मध्येच त्यांनी आपला हात माझ्या डोक्यामागे, सीटच्या लोखंडी दांड्यावर ठेवला, म्हणजे डोकं आपटणार नाही.

आमच्या वर्गात अशा तारा कोणी पाहिल्या नव्हत्या. आठवडाभर मुली "दाखव ना वं" म्हणत आणि मी तोंड उघडून दाखवायची. मग त्यांची हौस फिटली. माझी मात्र तोंड मिटून ठेवायची सवय जडली. 'स' आणि 'श' नीट उमटत नव्हते, म्हणून मी वर्गात हात वर करणं सोडलं. डब्यातली पोळी चावता येईना, म्हणून मधल्या सुट्टीत घरी यायची, कुलूप काढायची आणि सकाळचा भात वरणात कालवून एकटीच गिळायची. परत जाईपर्यंत मुलींचे घोळके बसलेले असत. कोणी हाकलत नव्हतं, पण कोणी सरकतही नव्हतं.

संध्याकाळी बाबा स्वयंपाक करत. दोन तऱ्हेचा भात करणं त्यांना जमत नसे. माझ्यासाठी मऊ, गिलगिला शिजवायचे आणि स्वतःही तोच खायचे.

एकदा बाबा प्रशिक्षणाला भंडाऱ्याला गेलेले असताना तारेचं मागचं टोक निघून गालात रुतायला लागलं. जिभेला रक्ताची चव यायची. डॉक्टरांचा दिवस अजून लांब होता. आईच्या उपकेंद्राचा फोन लागत नव्हता. शेवटी शेजारच्या काकूंना सांगून मी निघाले: तुमसर, तिथून रेल्वेनं गोंदिया आणि पुन्हा बस. तिथवर मी एकटी कधीच गेले नव्हते.

पोचले तेव्हा दुपार कलली होती. आईच्या क्वार्टरचं दार लोटलेलं होतं आणि आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं. कोणी बाई आली असेल म्हणून मी बाहेरच थांबले.

"आता भांडे घासून घेऊ. मंग जरा पडू. कायले एवढी घाई?"

उत्तर कोणीच दिलं नाही. मी दार ढकललं. आई ताटासमोर एकटीच बसली होती.

"काहून आली वं? बाबा कुठी हायेत?" ती उष्ट्या हातानंच उठली.

मी नुसतं तोंड उघडलं. तिनं हात धुतले, टॉर्च लावून पाहिलं, स्टोव्हवर पाणी ठेवून चिमटा उकळला. मग माझी हनुवटी धरून ते टोक हळूच आत वळवलं.

"आता टोचते काय?"

"नाही."

"मंग काहून रडून राहिली?"

मी विचारलं, "आई, तू कोनासंग बोलत होती?"

"कोनासंगच नाही." ती चिमटा पुसत राहिली. "दिवसभर घरात आवाजच नसते ना."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ते वळवलेलं टोक पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"हिच्या आईनं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की बाहेर बसलेली माणसं आत बघायला लागली.

तारा दोन वर्षं होत्या. दात सरकतात हे बाबांना कधी दिसलं नाही. आईला दर खेपेला दिसायचं. "हा दात बसला आता जागेवर," ती म्हणायची. ते ऐकायला मी पंधरा दिवस थांबायची. तारा निघाल्या त्या दिवशी तिची लसीकरणाची ड्युटी होती. फोनवर तिनं विचारलं, "कसे दिसतेत?" मला सांगताच येईना. "सरळ दिसतेत," म्हणाले.

आईची बदली शेवटी सिहोऱ्याजवळ झाली, पण तोवर मी अकरावीसाठी नागपूरच्या वसतिगृहात गेले होते. सिहोऱ्याच्या घरात आम्ही तिघं सुट्टीपुरतीच एकत्र आलो. वसतिगृहात झोपताना दात पुन्हा सरकू नयेत म्हणून प्लेट लावावी लागे. ती लावली की बोलता येत नसे. खोलीतल्या मुली गप्पा मारत असत आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.