तक्रारीत लिहिलेला ‘गोंगाट’

आज पूर्णेत शाळांचे खो-खो सामने होते. तक्रारी लिहून घ्यायला मी बसलो होतो. एक बाई रडणाऱ्या नातीला घेऊन आल्या. आपल्या पोरीला तिने आऊट केलं म्हणून कुणाच्या तरी वडिलांनी तिला जातीवरून शिवी दिली होती.

मी लिहिलं, ‘अपशब्द वापरले.’

बाई म्हणाल्या, “सर, तो बोलला तेच लिहा. नामांतराच्या दिवसांत मी खेळायची. मलाबी हेच बोलले, तवा तुमीच पंच होते. माझ्यादेखत तुमी लिहिलं, ‘प्रेक्षकांत गोंगाट झाला.’”

चेहरा ओळखला नव्हता. कागद आठवला.

आज शिवी जशीच्या तशी लिहिली. मित्रांनो, तेव्हाच लिहिली असती, तर आज त्यांच्या नातीला ऐकावी लागली असती का?