पोर आत्यावर गेली

माझ्या नणंदेची डावी पापणी जन्मापासून खाली आलेली. शाळेत तिला 'डुलकी' म्हणत. पुढे तिने ब्यूटी पार्लर काढलं, तरी नाव तेच चिकटलं. भुवया कोरून घेताना एखादीने डोळ्याबद्दल विचारलंच, तर म्हणते, "हलू नका बाई, नाहीतर आपली जोडी जमेल."

माझ्या लेकीचीही डावी पापणी जराशी उतरलेली दिसली, तेव्हा घरात कौतुकच झालं. पोर आत्यावर गेली! नणंदेला आकाश ठेंगणं झालं. पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला ती बाळाचा फोटो दाखवायची.

लस टोचली त्या दिवशी लेक रडून लालबुंद झाली. पण लाली नाकापाशीच थांबली. डावा गाल पांढराच. कुशीवर निजली असेल म्हणून, असं मी म्हणत राहिले. नणंद तिला घेऊन आरशासमोर उभी राहिली. कधी स्वतःकडे बघे, कधी तिच्याकडे.

"वहिनी, ही माझी पापणी नव्हे," ती म्हणाली. "माझ्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत. हिची इकडची बारीक दिसतेय. मी उगाच मिरवत बसले."

तिचा आवाज ऐकून मी काही न विचारता चप्पल घातली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून पाहिलं आणि मान, छातीचा स्कॅन सांगितला. डोळ्याकडे जाणारी एक नस छातीतून मानेत चढते. तिच्यावर दाब आला की पापणी उतरते, बाहुली आक्रसते, कधी त्या बाजूचा चेहरा लाल होत नाही. पुष्कळ बाळांत काहीच सापडत नाही, पण कधीकधी मुळाशी मज्जातंतूंची गाठ असते, असं त्यांनी समजावलं. आमच्या पोरीच्या छातीत ती निघाली, बोराएवढी.

ऑपरेशननंतर रिपोर्ट आला. डॉक्टर बोलत होते, मला नुसते ओठ हलताना दिसत होते.

"परत सांगा डॉक्टर," नणंद म्हणाली, "वहिनीला ऐकू गेलेलं नाही."

गाठ पूर्ण निघाली होती, कुठे पसरली नव्हती. पापणी मात्र अशीच राहील म्हणाले, आणि तपासण्या बरीच वर्षं.

परवा पुन्हा स्कॅन आहे. पोर शिंकली तरी मी धावत पाळण्यापाशी जाते. संध्याकाळी नणंदेला विचारलं, तुला नाही का गं भीती वाटत?

"वाटते की," ती दुपट्यांच्या घड्या घालत म्हणाली. "पण दोघी एकदम घाबरलो तर पोरीला घेणार कोण? आज तू घाबर, उद्या मी."