तीन दिवस थांबायचं होतं

दुपारची जेवणं उरकून मी पाठ टेकते. डोळे मिटतायत न मिटतायत तोच अच्युतदादा येतो. माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यावर भोरला माझ्याकडेच राहायला आला होता. त्याला जाऊन सात महिने झाले. खाटेच्या कडेला बसतो. अंगाला सायकलच्या दुकानातला ग्रीसचा वास.

"नलू, झोपलीस?"

"नाही रे."

खाट कुठली, हे तर दवाखान्यातलं बाकडं. आम्ही दोघं नंबराची वाट बघतोय. वर छत नाही, चिंचेच्या फांद्या हलतायत.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" दादा विचारतो.

"तुझी उपाशीपोटीची साखर जास्त आली तर रात्रीचं इन्सुलिन दोन युनिट वाढवायचं. मग तीन दिवस थांबून बघायचं. त्याचा अंमल सावकाश चढतो."

"आणि तू?"

"रोज वाढवलं. चार दिवसांत चौदाचे बावीस केले. पुढच्या तपासणीला आकडा चांगला दिसावा म्हणून."

बाकड्याखाली नदीचं पाणी आलंय. आमचे पाय बुडालेत.

"मी तुला सांगितलं होतं, पहाटे घाम फुटतो, धडधडतं."

"मला वाटलं, उकडतंय. मी पंखा वाढवला दादा. तेव्हा बोटातलं थेंबभर रक्त तपासलं असतं, तर साखर किती उतरलीय ते कळलं असतं."

पाचव्या सकाळी तो उठलाच नाही. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. शुद्धीवर आला नाही.

"मीही त्या रात्री धड जेवलो नव्हतो," तो म्हणतो. "तू रागावशील म्हणून भाकरी कुत्र्याला घातली."

"हे खरंच तू सांगतोयस? की मला बरं वाटावं म्हणून मीच तुझ्याकडून वदवून घेतेय?"

तो पाण्यातून पाय वर घेतो.

आता आम्ही त्याच्या दुकानात आहोत. टांगलेल्या ट्यूबांखाली तो शर्ट वर करतो. माझ्या हातात इन्सुलिनचं पेन.

"आज किती?"

"चौदा. चौदाच देते, दादा."

"दे. घाई करू नकोस."

बेंबीपासून चार बोटं सोडून मी त्याच्या पोटाची चिमूट धरते. कातडी उबदार लागते. पेन टेकवणार, एवढ्यात जाग येते.

चार वाजलेत. दारात ऊन आहे. पदर सरकलाय आणि माझ्या डाव्या हाताने माझ्याच पोटाची चिमूट घट्ट धरलीय. बोटं सोडवते, तर तिथे नखांच्या दोन लाल कोरी उमटल्यात.

संध्याकाळी तोंड धुवून साडी बदलते, तेव्हाही त्या गेलेल्या नसतात.