मामांचा श्रीलंका दौरा

आमच्या मामांइतके परदेश दौरे केलेला माणूस साऱ्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याकडे पासपोर्ट नाही. हे मी वर्गात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मैत्रिणींना वाटलं, मी थाप मारते आहे. मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे चार लोकांत बोलायचं म्हटलं की मी आधी मनात वाक्य जुळवत बसते आणि तोवर विषय बदललेला असतो. म्हणून लिहून सांगते.

मामांचा मळा मखमलाबादच्या बाजूला आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. सटाण्याहून शिकायला आले तेव्हापासून मी त्यांच्याकडेच राहते. क्रिकेट आवडणारे लोक पुष्कळ पाहिलेत, पण मामा क्रिकेट पाळतात, जसा कुणी उपास पाळतो. नियम एकच. संघ मायदेशी खेळत असेल तर आपण घरी, आणि संघ दौऱ्यावर गेला की आपणही दौऱ्यावर. "पोरं तिकडं परक्या गादीवर झोपणार," मामा म्हणतात, "आन आपण घरच्या पलंगावर लोळून त्यांच्या चुका काढायच्या? शोभतं का?" मग बॅग भरली जाते. टॉवेल, इस्त्रीचे शर्ट, दाढीचं सामान आणि स्वतःची उशी. कुठे जायचं हेही ठरलेलं. इंग्लंडचा दौरा असला की वणीला साडूंकडे, कारण गडाखालची हवा गार आणि आभाळ कधीही भरून येतं. दक्षिण आफ्रिका म्हणजे हरसूलला एका जुन्या मित्राकडे. डोंगराळ भाग आहे, बॉल उसळतो, असं मामांचं म्हणणं. बॉल टीव्हीत उसळतो, हरसूलला नाही, हे मी एकदा हळूच म्हणून बघितलं होतं. मामांनी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. ऑस्ट्रेलिया म्हणजे थेट सटाण्याला, आमच्याच घरी, कारण तिकडची मॅच लागते त्या भल्या पहाटे कांदा मार्केटला निघायच्या गडबडीत जागं असलेलं आमचं एकच घर त्यांच्या ओळखीचं आहे. माझे वडील मग मला फोनवर आमच्या अहिराणीत सांगतात, "तुना मामा उना. ऑस्ट्रेलियानी मॅच शे वाटतं."

आणि शेजारच्या देशाचा दौरा असला की शेजारी. बांध ओलांडला की अण्णांचं घर. अण्णा मामांच्या वर्गातले, दोघांनी शाळा एकाच दिवशी सोडलेली. ते मेथी-कोथिंबीर करतात, आणि विहीर दोघांची सामाईक. श्रीलंका असो की बांगलादेश, मामा बॅग घेऊन अण्णांकडे जातात. दुसऱ्या बांधालाही एक शेजारी आहेत, पण त्यांच्याशी आमचं जुनं वाकडं. "तिकडचा दौरा सरकारबी करत नाय," मामा म्हणतात, "मी कशाला करू?" निघताना मामी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवते, पदरानं डोळे पुसल्यासारखं करते आणि ते बांधापलीकडे गेले की निवांत मालिका लावते. दौरा संपेपर्यंत मामा घरी जेवायलासुद्धा येत नाहीत. फुलं तोडायला मळ्यात येतात, कारण ते नेट प्रॅक्टिसमध्ये धरतात, पण घराचा उंबरा चढत नाहीत. मामी अंगणात फुलं निवडत असते, मामा अण्णांच्या ओट्यावरून तिला दिसत असतात, आणि तिचा फोन वाजतो. "काय म्हणता? घरी सगळं ठीक ना?" मामीही तितक्याच गंभीरपणे सांगते की ठीक आहे, तुम्ही तब्येत सांभाळा, तिकडचं पाणी बाधायला नको. पाणी एकाच विहिरीचं.

पण खरे हाल अण्णांचे. पाहुणा भारताचा म्हटल्यावर यजमानानं यजमान देशाचा व्हायला पाहिजे, असं मामांनीच ठरवून टाकलेलं. त्यामुळे अण्णांना स्वतःच्या घरात बसून श्रीलंकेच्या बाजूनं ओरडावं लागतं. सुरुवातीला त्यांना हे फार जड गेलं म्हणे. आता त्यांना तिकडच्या खेळाडूंची लांबलचक नावं न अडखळता म्हणता येतात, आणि आपली विकेट गेली की ते उठून टाळ्या वाजवतात. मामा त्याबद्दल कधी राग धरत नाहीत. घरी असताना अंपायरच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे मामा अण्णांकडे हाताची घडी घालून बसतात. दुसऱ्याच्या मैदानावर तोंड सांभाळायचं असतं.

यंदा श्रावणात पावसानं दडी मारली. विहीर खाली गेली आणि मोटारीच्या पाळ्या लागल्या, एक दिवस आमची, एक दिवस अण्णांची. मामांचा झेंडू गणपतीसाठी धरलेला, नेमका कळीवर. एका सकाळी पाळी अण्णांची असताना मामांनी मोटार चालू केली, आणि अण्णा येईपर्यंत विहिरीत गाळ तेवढा उरला. अण्णांची मेथी गेली. तेवढ्यावर भागलं असतं, पण अण्णा बोलायला आले तेव्हा मामा म्हणून गेले, "मेथी काय रे, परत पेरता येती." त्या दिवसापासून अण्णा आमच्या घराकडे पाठ करून बसायला लागले.

तशात श्रीलंकेचा दौरा लागला. संघ विमानात बसल्याचं टीव्हीवर दाखवलं, तरी मामांनी बॅग काढली नाही. पहिल्या मॅचच्या दुपारी ते घरच्या पलंगावर बसले, पण इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ. अंपायरला एक शब्द बोलले नाहीत. आपली बॅटिंग चांगली चालली होती, तरी मामा खिडकीकडेच जास्त बघत होते. शेवटी मामीनं विषय काढला. घरात बसून दौरा होत नाय, असं कोण म्हणत होतं, तिनं विचारलं.

"बोलावल्याशिवाय कुठली टीम जाती?" मामा म्हणाले. "समोरच्यांनी बोलवायला लागतं."

मागच्या खेपेला कोण पत्रिका घेऊन आलं होतं, असं मामीनं विचारलं. तेवढ्यात आपली एक विकेट पडली आणि बांधापलीकडून टाळ्या ऐकू आल्या. पाठोपाठ अण्णांचा आवाज, श्रीलंकेच्या बोलरचं नाव घेऊन, शाबास म्हणून. मी दारात जाऊन पाहिलं. अण्णांनी टीव्ही ओट्यावर आणून ठेवला होता, त्याचं तोंड आमच्या घराकडे, आणि शेजारची खुर्ची रिकामी. पुढची विकेट पडली तसे ते उभे राहून ओरडले. घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. नाशिकातला एक म्हातारा माणूस भर उन्हात एकटाच श्रीलंकेसाठी घसा फोडत होता. मामी हसायला लागली. मामा हसले नाहीत. त्यांनी उशी उचलली, बॅगसुद्धा घेतली नाही, आणि चालायला लागले. मामीनं बॅग माझ्या हातात दिली म्हणून मी मागोमाग गेले.

"या पाहुणं," अण्णा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "उशीर केला."

मामा बसले. मी बॅग भिंतीशी ठेवली आणि पायरीवर टेकले. थोड्या वेळानं कोलंबोत पाऊस आला, धो धो. मैदानावर माणसं पळाली, कव्हर ओढली गेली, आणि पडद्यावर पाण्याशिवाय काही दिसेना. आमच्याकडे लख्ख ऊन होतं, बांधावरचं गवतसुद्धा पिवळं पडलेलं. बराच वेळ दोघं तो पाऊस बघत राहिले.

"किती वाया चाललंय," अण्णा म्हणाले.

मामांनी उशी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मग टीव्हीकडेच बघत म्हणाले, "उद्याची माझी पाळी तू घे. त्यापुढची माझीबी."

"तुझा झेंडू कळीवर हाय."

"असू दे."

अण्णांनी आत जाऊन चहा ठेवला. मला वाटत होतं आणखी काहीतरी बोलतील, निदान मेथीचं नाव निघेल. मी कॉलेजात ऐकलेल्या भाषणांवरून समेट म्हणजे काहीतरी मोठं असतं असं धरून बसले होते. तसं काही झालं नाही. मॅच रद्द झाली, तरी त्या वाहिनीवर भिजलेलं रिकामं मैदान दाखवत होते. मामी पलीकडून हाक मारून म्हणाली, आता तरी घरी या. मामांनी हातानंच नको म्हटलं. मी चहाचे कप विसळून निघाले तेव्हा आमच्याकडचं ऊन कलायला लागलं होतं, तिकडे पाऊस पडतच होता, आणि दोघांपैकी कुणी उठून टीव्ही बंद करत नव्हतं.