जिन्यावरचा मोरया

आम्हा दोघींवर सिनेमा निघाला असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या व्हीलचेअरकडे बघतात. मी रोह्याच्या शाळेत गणित शिकवणारी, मुलांच्या भाषेत खडूस बाई. माझी मैत्रीण खाडीकाठच्या मिठागरवाल्या घरातली, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती हलवायचं काम करणारी. स्कूटरवरून पडले, पाय गेले आणि मी पेणला भावाकडे राहायला आले. भावाने घराखालचा गाळा हमरापूरच्या एका कारखान्याला मूर्ती ठेवायला दिला होता. तिथे ती भेटली, नाहीतर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

त्याआधी एका लग्नात हॉलच्या पायऱ्यांवर चार नातेवाइकांनी मला दंडाला-पायांना धरून उचललं आणि अर्ध्यावर एकाचा हात निसटला. लागलं थोडंसंच. पण पदर सावरायला हात मोकळा नव्हता आणि सगळं वऱ्हाड बघत होतं. चारचौघांत पुन्हा कुणाकडून उचलून घ्यायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

हे ऐकून ती पोट धरून हसली. मला इतका राग आला की मी खुर्ची वळवली.

"बाई, रागावू नका गो. पन मूर्तीला कोन हाताला धरून उचलतं काय? खालून बैठकीला धरायची."

लगेच तिने कारखान्यातल्या एकाला मागून धरायला लावलं आणि स्वतः समोर उभी राहिली. गणपती घरी आणताना त्याचं तोंड आणणाऱ्याकडे ठेवतात, तसं माझं तोंड तिच्याकडे. दोघांनी मला खुर्चीसकट आमच्या ओट्यावर चढवलं. मी भीतीने तिचा खांदा गच्च धरला होता.

"हात सोडा. तुम्ही धरता, मंग माझा तोल जातो. गनपती कोनाला धरतो काय?"

"मी गणपती नाही."

"ते दिसतंय. त्याला एवढा राग येत नाय."

पुढे रोज संध्याकाळी ओट्यावर आमची भांडणं चालायची. मी तिचे हिशेब तपासायचे, ती माझी वाकडी तोंडं मोजायची. पेणमध्ये कारखाने बघायला पाच-सहा जण एक कॅमेरा घेऊन आले होते. त्यांच्यातल्या दिग्दर्शिकेने आमचं एक भांडण ऐकलं आणि मूर्ती राहिल्या बाजूला, आमचाच सिनेमा करायचं तिच्या डोक्यात आलं. आमची कामं दोन नट्यांनी केली. मैत्रीण रडत रडत मला उचलते, असा एक प्रसंग दिग्दर्शिकेने लिहिला होता. तो मैत्रिणीने ऐकता क्षणी मोडीत काढला. "रडत कोन उचलतं? पायरी दिसायला नको?"

सिनेमा पहिल्यांदा दाखवणार होते रोह्याला, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. लिफ्ट नाही. मी फोनवरच नाही म्हटलं. रोह्यात मला फळ्यापाशी ताठ उभी पाहिलेली माणसं आहेत. त्यांच्यासमोर सामानासारखं वर जायचं मला जमणार नव्हतं.

"तुम्ही नाय तर मी पन नाय," ती म्हणाली. या सिनेमासाठी तिने नवी साडी घेतली होती आणि ती कपाटात पडून राहिली असती, कारण ती बोलली की करते. मी कबूल झाले, पण एका अटीवर: उचलताना मोरया म्हणायचं नाही. ही कारखान्यातली माणसं त्याशिवाय काही उचलतच नाहीत. भावाचा फ्रिज वर चढवतानाही म्हणाली होती. मला रोह्यात हसं नको होतं.

मूर्ती जातात त्याच टेम्पोतून आम्ही गेलो. माझी खुर्ची दोरीने बांधलेली, खाली पेंढा. सोबत तिचे तीन सहकारी. जिन्यापाशी उतरले तर माझे दोन-तीन वर्गांतले विद्यार्थी उभे होते, आता स्वतःच्या मुलांना घेऊन. मी पदर कमरेला घट्ट खोचला.

"एक, दोन, तीन," तिने मोजलं. एकाने 'दोन'ला उचललं, एकाने 'तीन' झाल्यावर. दुसऱ्या पायरीवर खुर्ची कलली. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. त्यांच्या हातांना आकडे ठाऊकच नव्हते. ती माझ्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. शब्द दिला होता ना. मला लग्नातली पायरी आठवली आणि अट घालणारी मीच ओरडले, "गणपती बाप्पा..."

"मोरया!"

चौघांनी एका दमात उचललं. खुर्ची जरासुद्धा कलली नाही. पुढच्या पायरीला खालून माझे विद्यार्थीही ओरडले आणि मग सगळा जिनाच ओरडू लागला. कोण हसलं, कोणाच्या डोळ्यांत काय होतं, मला कळलंच नाही. माझं तोंड तिच्याकडे होतं आणि समोर फक्त तिचा घामेजलेला, हसणारा चेहरा. तिच्याआड बाकीचं रोहा दिसतच नव्हतं. त्या चौघांचे उपकार मी कशाने फेडणार आहे, मला माहीत नाही. फेडायचेही नाहीत.

वर पोचल्यावर तिने सवयीने पदराने माझे गुडघे पुसले, मूर्तीवरची धूळ पुसतात तसे. मी पुसू दिले.

सिनेमा चांगला झालाय. आमच्यापेक्षा पडद्यावरच्या दोघी समजूतदार आहेत. तिची नटी माझ्या नटीला उचलते तेव्हा मागे हळू संगीत वाजतं. अंधारात मैत्रीण माझ्या कानाशी वाकली. "उचललं बरोबर, पन मोरया नाय म्हनाली. खोटं हाय."

सुटल्यावर आम्ही पुन्हा जिन्याच्या तोंडाशी आलो. खाली मघापेक्षा जास्त लोक थांबले होते. ती माझ्यासमोर आली, खाली वाकून खुर्चीला धरलं आणि विचारलं, "बाई, आता काय बोलायचं?"

"काय बोलायचं ते बोल," मी म्हटलं, आणि दोन्ही हात खुर्चीवरून काढून मांडीत ठेवले.