रणदिव्यांच्या दारातला एल्डर नारायण

इथे असे अनुभव लिहिणारे सगळेच आधी सांगतात, की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा तर अजूनही धड बसलेला नाही. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. 'एकदा असं झालं होतं' म्हणून कुणी आलं की मी सरळ सांगते, पुन्हा करून दाखवा, मग बघू. लहानपणी नागपूरला शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं, तर मी त्यांना हळूच चिमटा काढून पाहिला होता... त्या ओरडल्या, एवढंच आठवतं. तेव्हा भोळी बाई म्हणून हे वाचू नका. आणि ज्याच्याबद्दल सांगतेय तो मेलेला नाही. जिवंत आहे, धडधाकट आहे, तिकडे फिजी बेटांवर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला राहतो. टाऊनहाऊसच्या दोन समोरासमोर रांगा, मध्ये अरुंद रस्ता. आमच्या बरोबर समोर रणदिवे. माझं ऑफिसचं टेबल वरच्या मजल्यावर खिडकीशी आहे, त्यामुळे त्यांचं दार मला दिवसभर दिसतं. रणदिवे मूळचे पुण्याचे, मराठी मंडळाच्या कमिटीवर, कॉलनीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. त्यांच्या दाराला कॅमेऱ्याची बेल, दाबली की त्यांच्या फोनवर वाजणारी आणि चित्र दाखवणारी. कुणाचं कुत्रं कुठे बसलं, कुणाचा कचऱ्याचा डबा बाहेरच राहिला, सगळ्याचे व्हिडिओ ग्रुपवर. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे या माणसानं मशीनवर बसवून घेतलं होतं.

गेल्या वर्षी आमच्या भागात मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे दोन मिशनरी फिरायला लागले. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला, सायकल. एक आयडाहोचा गोरा, एल्डर कूपर. आणि दुसरा एल्डर नारायण! वय एकोणीस, पदवी 'एल्डर' म्हणजे वडीलधारी, नाव नारायण, आणि आला येशूचं सांगायला. मला दारातच हसू फुटलं. तोही हसला. त्याचे पणजोबा की खापरपणजोबा ऊसतोडीला म्हणून भारतातून फिजीला गेलेले, आई पुढे मॉर्मन झाली, तिच्याबरोबर हाही. हिंदी बोलायचा, पण ती आपल्या कानाला भोजपुरीच्या जवळची.

मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, धर्म सोडून काय वाटेल ते बोला. ते कबूल झाले आणि येत राहिले. मी चहा ठेवायला उठले तर नारायण म्हणाला, "आंटी, चाय हमलोग के मना है." घरी आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही म्हणजे काय करायचं बाई... मग ताक द्यायला लागले. कूपर ते औषधासारखं प्यायचा. नारायण दुसरा ग्लास मागून घ्यायचा. आमचं गराज त्यांनी दोघांनी एका दुपारी आवरून दिलं, वर माझ्या नवऱ्याला, मकरंदला, जुने खोके का ठेवता म्हणून प्रेमानं रागावले.

त्यांचा दिवस ऐकून मला माझी हॉस्टेलची वॉर्डन आठवली. पहाटे उठायचं, व्यायाम, मग पोथी वाचायची, साधारण अकराच्या सुमाराला बाहेर पडायचं ते रात्रीपर्यंत दारोदार. टीव्ही नाही, सिनेमा नाही. सोमवारी कपडे धुवायचे, वाणसामान आणायचं आणि घरी फोन करायचा. सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकट्यानं फिरायचं नाही, जोडीदार कायम नजरेसमोर हवा. मी विचारलं, "लोक दार तोंडावर आपटतात तेव्हा राग नाही येत?" नारायण म्हणाला, "ना बोले तो अच्छा है आंटी. ना सुन के आदमी आगे जा सके. खराब तब लगे जब अंदर से देखें और कुछ न बोलें." हे मला पटलं.

सोमवारच्या फोनमध्ये त्याचा सगळा जीव असायचा. आईपेक्षाही आजोबांसाठी, त्यांना तो आजा म्हणायचा. आजांना नातवाचं हे मिशनरी होणं अजिबात मान्य नव्हतं. ते रोज रामायण वाचणारे. तरी निघताना त्यांनी याच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि म्हणाले होते, जा, पण आपलं नाव खराब करू नकोस. हे त्यानं मला दोनदा सांगितलं होतं.

आता मुख्य गोष्ट. एके दिवशी पाऊस सुरू झाला. कॉलनीच्या टपालपेट्यांपाशी कूपरच्या सायकलची चेन निघाली होती, तो ती बसवत होता. नारायणला रणदिव्यांच्या दारात एक पार्सल दिसलं, बरोबर छपराची धार पडते तिथे. नारायणच्या घरी कुणाची वस्तू भिजत पडलेली बघून पुढे जायची पद्धत नाही. हा पठ्ठ्या जोडीदाराला सोडून एकटाच धावला, पार्सल उचललं, बाजूच्या झुलत्या खुर्चीच्या मागे कोरड्यात ठेवलं आणि परत गेला.

कॅमेऱ्यात काय आलं? एक सावळा मुलगा येतो, पार्सल उचलतो आणि चौकटीबाहेर जातो. रिकाम्या हातांनी परत जाताना दिसतो तो तुकडा रणदिव्यांनी कापला. व्हिडिओ ग्रुपवर, फेसबुकवर, शेजाऱ्यांच्या ॲपवर. खाली लिहिलं, 'देवाच्या नावाखाली फिरणारे चोर. सोबत कुणी नाही, यावरूनच ओळखा.'

पोलीस येऊन दोघांशी बोलून गेले, त्यांना त्यात काही सापडलं नाही. पण व्हिडिओ काही पोलिसांना विचारून फिरत नाही. तो फिरत फिरत फिजीला पोचला. आणि ऐका... ज्या दिवशी व्हिडिओ टाकला, त्याच संध्याकाळी रणदिवे वहिनींना खुर्चीमागे पार्सल सापडलं होतं. त्यांनीच मला नंतर सांगितलं, खालमानेनं. म्हणजे या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता.

मी तरातरा समोर गेले.

"रणदिवे, पार्सल सापडलं ना? मग ग्रुपवर टाका तसं."

"वहिनी, तुम्ही उगाच इमोशनल होताय. आज घेतलं नाही, उद्या घेतील. अवेअरनेस म्हणून राहू दे की."

"निदान डिलीट तरी करा."

"आता डिलीट केलं तर लोक म्हणतील रणदिवे चुकला."

पडलो तरी नाक वर. मी त्या दिवसापासून त्या माणसावर डूख धरलाय, आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

नारायणनं परत जायचं ठरवलं. त्याच्या मिशनच्या लोकांनी थांब म्हणून खूप समजावलं, कूपर तर रडला. पण घरून फोन आला होता, आजांनी अन्न सोडलंय. मी त्याला विचारलं, तुमच्यात शापबिप काही असतो की नाही? तो म्हणाला, पूर्वीचे लोक दारात बुटांची धूळ झटकून निघायचे, आता ते करायचं नाही. मी म्हटलं, मी झटकते. तो नको म्हणाला. जायच्या आदल्या दिवशी तो आणि कूपर सकाळी अकराच्या सुमाराला रणदिव्यांकडे गेले. आजांना दाखवायला, पार्सल सापडलं असे रणदिव्यांचे दोन शब्द मोबाईलवर रेकॉर्ड करून हवे होते, बाकी काही नाही. मी खिडकीतून बघत होते. पाऊस पडत होता. नारायणनं बेल दाबली आणि उभा राहिला. रणदिव्यांची गाडी दारात होती, वरच्या खोलीत दिवा होता. दार उघडलं नाही. कुणी 'नाही' सुद्धा म्हणालं नाही. पाठ पूर्ण भिजेपर्यंत तो मुलगा उभा होता, शेवटी कूपरनं त्याला दंडाला धरून नेलं.

तो गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी रणदिवे वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, रोज अकराच्या सुमाराला बेल वाजते आणि कॅमेऱ्यात तो मुलगा दिसतो.

मी म्हटलं, जुनी क्लिप अडकली असेल. त्या म्हणाल्या, रणदिव्यांनी कॅमेरा बदलला, कंपनी बदलली. मग बेलच काढून टाकली, भिंतीला नुसतं भोक आहे, तरी फोनवर वाजते. आता माझ्यातली टेस्टर जागी झाली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले. रणदिवे सोफ्यावर, दाढी वाढलेली. चहा आला. बाहेर लख्ख ऊन होतं.

आणि फोन वाजला.

स्क्रीनवर त्यांचाच ओटा. पाऊस. आणि नारायण. एकटा, कूपर नाही. शर्ट अंगाला चिकटलेला, बिल्ल्यावर पाण्याचे थेंब. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता, कुणी उघडेल म्हणून आपण बघतो तसा. मी फोन हातात धरूनच दाराशेजारच्या काचेतून बाहेर पाहिलं. ओटा रिकामा, कोरडा, उन्हानं तापलेला. पुन्हा फोनमध्ये पाहिलं. त्यानं ओल्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले. हे जुन्या क्लिपमध्ये असेल म्हणाल, तर त्याच्या मागे रस्त्यापलीकडे आमचं घर दिसत होतं आणि आमच्या दाराला मी आदल्याच रात्री बांधलेलं नवं तोरण होतं.

फोन मी टीपॉयवर पालथा ठेवला. मी रणदिव्यांना म्हटलं, "दार उघडून बघितलंत का कधी?"

"वेड लागलंय का वहिनी? मी ते दार उघडत नाही. आम्ही गराजमधून जातो-येतो."

"मग ग्रुपवर तरी टाका, की पार्सल सापडलं होतं."

एवढं होऊनही हा माणूस म्हणाला, "आता इतक्या दिवसांनी कशाला उकरून काढायचं?"

त्या क्षणापर्यंत मला थोडी दया येत होती. ती तिथेच संपली.

घरी येऊन मी मकरंदला सांगितलं. तो म्हणाला, नारायणला फोन कर, बरा आहे ना बघ. मी शनिवारी संध्याकाळी लावला, तिकडे रविवारची सकाळ. तो दिसला, वाळला होता पण बरा होता. इकडचं मी काहीच सांगितलं नाही. आधी आजांची चौकशी केली.

"आजा नहीं रहे, आंटी. हम पहुँचे उसके पहिले." मग म्हणाला, "वो वीडियो देख के गए."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, झोप लागते का रे? तेव्हा त्यानं आपणहून सांगितलं. रोज रात्री एकच स्वप्न पडतं. तो एका दारात उभा आहे, पाऊस पडतोय, बेल दाबलेली आहे. आत माणूस आहे हे त्याला माहीत आहे. कुणी येऊन हो म्हणू दे, नाही म्हणू दे, म्हणजे आपण जाऊ, असं त्याला वाटत राहतं. कुणी येत नाही, मग जाग येते. इकडचे सकाळचे अकरा म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते, हा हिशेब माझ्या डोक्यात तिथल्या तिथे झाला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. बेल, पाऊस, गराजमधून जाणारा रणदिवे. तो ऐकत राहिला. मी म्हटलं, "बेटा, मी त्याला सांगू का? फक्त दार उघड आणि काहीतरी बोल म्हणून? तुझी पण सुटका होईल."

 मागे कुठेतरी नारायणची आई भांडी लावत होती. मग अगदी शांतपणे, ताकाचा दुसरा ग्लास मागायचा त्याच आवाजात तो म्हणाला,

"रहे दो आंटी. हमके कौन जल्दी है."

मी फोन ठेवला. मकरंदचं म्हणणं, तरी सांगून टाक, तो मुलगा अजून लहान आहे, रागात बोलला असेल. असेल. पण आजा त्याचे होते, नाव त्याचं गेलं, तेव्हा किती वेळ उभं राहायचं हे तोच ठरवेल.

जिवंत माणूस झोपेत असताना दुसऱ्या खंडात एका दारात कसा उभा राहू शकतो, मला माहीत नाही. इथे कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. रणदिवे वहिनी आता मुलीकडे जर्सी सिटीला राहायला गेल्या आहेत, घरात रणदिवे एकटे असतात. परवा टपालपेट्यांपाशी भेटले. डोळे खोल गेलेले.

"वहिनी," म्हणाले, "तुम्ही तर स्वतः बघितलंय. तुम्हाला काही सुचतंय का? काय केलं म्हणजे तो जाईल?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"नाही हो," म्हटलं. "मलाही काही कळत नाही."